पळसाचा बहर ऐन भरात कसा गाठायचा? नागपूरकरांसाठी टप्प्याटप्प्याने

फेब्रुवारी लागला की एकच प्रश्न फिरू लागतो: "पळस फुलला का?" उत्तरादाखल कुणीतरी दोन वर्षांपूर्वीचा फोटो टाकतं. "या रविवारी जाऊ" असं ठरतं. तो रविवार लग्नात जातो, पुढचा मुलांच्या पेपरात, आणि शेवटी गाडी निघते तेव्हा झाडांवर हिरव्या चपट्या शेंगा लोंबत असतात. काही जण उलट घाई करतात आणि जानेवारीअखेर काटेसावर बघून, पळस बघितला या समाधानात घरी येतात.

बहुतेकांचा क्रमच उलटा असतो. आधी सुट्टी, मग गाडी, मग डबा, आणि झाडाची चौकशी सगळ्यात शेवटी. खाली तो क्रम सुलटा करून दिला आहे.

## टप्पा १ : होळी सोडा, पंधरवडा धरा

"होळीला पळस फुलतो" या एका वाक्याने सगळ्यात जास्त सहली वाया गेल्या असतील. वाक्य खोटं नाही, पण त्यावर तारीख काढता येत नाही. धुळवड २०२४ मध्ये २५ मार्चला होती, २०२५ मध्ये १४ मार्चला आणि २०२६ मध्ये ३ मार्चला. म्हणजे तीन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे २०२७ ची होळी पुन्हा मार्चच्या उत्तरार्धात ढकलली गेली. होळी चंद्रावर चालते. पळस थंडी कधी ओसरली, ऊन कधी चढलं आणि जमिनीत ओल किती उरली, यावर चालतो. ज्या वर्षी होळी लवकर, त्या वर्षी धुळवडीला गेलात तर ठीक. ज्या वर्षी उशिरा, त्या वर्षी होळीपर्यंत थांबलात तर बहुधा उरलेसुरले तुरेच हाती लागतील.

नागपूरच्या आसपास ढोबळ हिशेब असा: जानेवारीअखेरीस कळ्या धरतात, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तुरळक फुलं दिसू लागतात, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य हा भर, आणि त्यानंतर ओहोटी. वर्षागणिक हे आठ-दहा दिवस मागेपुढे होतं.

म्हणून एक तारीख ठरवू नका, लागोपाठच्या तीन सकाळी मोकळ्या ठेवा. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार आणि मार्चचे पहिले दोन, अशा तीन. त्यातली एकच वापरायची आहे, पण कोणती ते झाड सांगेल. घरात दहावी-बारावी असेल किंवा कुणाच्या ऑफिसात मार्चएंडची धावपळ असेल, तर हे आत्ताच बोलून घ्या. पूर्ण दिवस लागतच नाही. पहाटे निघालं की अकरा-साडेअकरापर्यंत घरी परतता येतं. हे सांगितलं की घरचा अर्धा विरोध मावळतो.

पडताळणी: कॅलेंडरवर तीन सकाळी खुणा केल्या का? एकच केली असेल तर पुढे वाचून उपयोग नाही.

## टप्पा २ : आपली पाच झाडं नेमा

जपानमध्ये चेरीच्या बहराची घोषणा होते ती नेमलेल्या झाडावरून. टोकियोचं असं झाड यासुकुनी मंदिराच्या आवारात आहे. हवामान खात्याची माणसं जाऊन ते बघतात. पाच-सहा फुलं उघडलेली दिसली की फुलोरा सुरू झाल्याचं जाहीर होतं, आणि ८० टक्क्यांच्या वर कळ्या उघडल्या की पूर्ण बहर. टोकियोत या दोन्हींमध्ये साधारण आठवडा जातो. लोक त्या हिशेबाने तिकिटं आणि सुट्ट्या जुळवतात.

पळसासाठी कुणी घोषणा करत नाही, पण पद्धत उचलायला हरकत नाही. फक्त एक बदल करावा लागतो. जपानात सगळीकडे लावलेली सोमेई योशिनो ही चेरी कलमांनी वाढवलेली आहे, एकाच झाडाच्या प्रती. त्यामुळे एका भागातली सगळी झाडं जवळजवळ एकदमच फुलतात आणि एका झाडावरून शहराचा अंदाज बांधता येतो. पळस बियांपासून उगवतो. शेजारी-शेजारी उभ्या दोन पळसांपैकी एक लालभडक असतो आणि दुसरा अजून कळ्या सांभाळून असतो. म्हणून एका झाडावर विसंबू नका. पाच नेमा, आणि पाचही वेगवेगळ्या जागचे:

१. शहरातलं एक, रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचं. गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी या बाजूंना शोधा. मात्र लॉनच्या कडेला, रोज पाणी मिळणारं झाड नको. त्याचं वेळापत्रक जंगलाशी जुळेलच असं नाही.

२. मुरमाड, उघड्या माळावरचं एक.

३. शेताच्या धुऱ्यावरचं एक.

४. नाल्याकाठचं किंवा तलावाजवळचं एक. इथे ओल टिकते, त्यामुळे माळावरच्या झाडाची पानं गळून गेली तरी याची काही शिल्लक असू शकतात.

५. ज्या रस्त्याने जाणार, त्या रस्त्यावरचं एक.

पहिलं झाड तुम्ही स्वतः बघाल. बाकीच्या चारांसाठी माणूस लागतो. उमरेड, काटोल, रामटेक किंवा कोंढाळीहून रोज नागपूरला येणारं कुणी ना कुणी प्रत्येक ऑफिसात असतं. शाळेतल्या मॅडम असतील, बँकेतले काका असतील, दूधवाला असेल. त्यांना आत्ताच सांगून ठेवा आणि एखादं ठराविक झाड दाखवून ठेवा: "त्या पुलाच्या अलीकडचं, डाव्या हाताचं." नुसतं "तुमच्याकडे पळस फुलला का?" विचारलंत तर "हो, मस्त फुललाय" हेच उत्तर येतं, मग झाडावर चार फुलं असोत की चारशे.

प्रश्न असे विचारा:

- झाडावर पानं आहेत का?
- खाली फुलं पडलेली आहेत का? थोडी की सडा?
- शेंगा दिसतात का?

आणि फोटो मागायचा तो आजचा, बुंध्यासकट पूर्ण झाडाचा. नुसत्या एका फुलाच्या जवळच्या फोटोवरून काहीच कळत नाही. पहिलं फूल आणि शेवटचं फूल फोटोत सारखंच दिसतं.

सावधान: सोशल मीडियावर फिरणारे पळसाचे फोटो हा पुरावा नाही. त्यातले बरेच जुने असतात, काही दुसऱ्याच जिल्ह्यातले असतात. त्यापेक्षा आयनॅचरलिस्टवर (लोकांनी टिपलेल्या झाडा-प्राण्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) पळसाच्या नोंदी नागपूर परिसरापुरत्या बघा. तिथे नोंदीची तारीख आणि जागा दिसते, आणि कोणत्या महिन्यात किती नोंदी झाल्या याचा आलेखही मिळतो.

### मध्येच एक खुलासा : हा पळसच आहे ना?

नेमताना झाड चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. काटेसावर पळसाच्या आधी फुलते. तिचं खोड सरळ उंच, त्यावर जाड काटे, आणि फूल मोठं, जाड पाच पाकळ्यांचं, वाटीसारखं उघडं. पांगाऱ्याच्या फांद्यांवरही काटे असतात आणि लालभडक फुलांचे झुपके फांदीच्या टोकाला येतात. पळसाला काटे नाहीत. खोड वेडंवाकडं, साल करडी आणि खडबडीत, आणि फूल पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं. गुलमोहराचा तर विषयच नको, तो मे महिन्यातला. तरी दरवर्षी एखादा "लवकर फुललेला पळस" काटेसावरच निघतो.

## टप्पा ३ : फांदीवर नेमकं काय बघायचं

दुरून लाल दिसलं म्हणजे भर आला असं नाही. जवळ जाऊन एक तुरा नीट बघा. ही दोन मिनिटांची सवय सगळ्यात जास्त कामाची आहे.

पळसाच्या तुऱ्याचा दांडा आणि कळ्यांच्या तळाचे पेले गडद, काळपट-तपकिरी आणि मखमली असतात. बोट फिरवलं तर लव जाणवते. फुलायच्या आधी झाड काही दिवस काजळी धरल्यासारखं काळवंडलेलं दिसतं ते यामुळेच. लोक या अवस्थेतल्या झाडाला वाळलेलं समजून पुढे निघून जातात. खरं तर हीच तयारीची खूण आहे: काळवंडलेली झाडं दिसली की फोनाफोनी सुरू करा.

तुरा बुडाकडून टोकाकडे उघडत जातो. एवढं लक्षात ठेवलं की तारीख काढता येते:

- बुडाची दोन-चार फुलं उघडी, पुढे सगळ्या कळ्या: अजून थांबा. आठवडाभराने पुन्हा बघा.
- तुरा अर्ध्यापर्यंत उघडलेला, खाली जमिनीवर तुरळक फुलं: हीच वेळ. येत्या मोकळ्या सकाळी निघा.
- फक्त टोकाची फुलं शिल्लक, खाली सडा: झाडावर कमी आणि जमिनीवर जास्त. निघायचंच असेल तर उद्याच.
- बुडाशी चपट्या, फिकट हिरव्या शेंगा: या झाडाचं झालं.
- कोवळी, तांबूस झाक असलेली पानं: या भागाचंच आटोपत आलं.

पळसाला पानं तीनच, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. ती तीन पानं नजरेत भरू लागली की आपण उशिरा आलो असं धरायचं.

आता पाच झाडांचा हिशेब करा. पाचपैकी तीन झाडांचे तुरे अर्ध्यापर्यंत उघडले की ती सकाळ नक्की करा. पाचही झाडं पूर्ण फुलायची वाट बघत बसू नका. पाचवं फुलेपर्यंत पहिल्याला शेंगा लागलेल्या असतात. चेरीच्या मानाने पळस उदार आहे. झाडं पुढेमागे फुलत असल्याने परिसरात बहर काही आठवडे टिकतो, पण एकाच माळावर सगळी झाडं एकदम पेटलेली बघायची असतील तर ते दिवस मोजकेच असतात.

पडताळणी: तीन झाडांचे ताजे फोटो आणि तीन प्रश्नांची उत्तरं हातात आहेत का? नसतील तर ग्रुपवर वेळ टाकू नका.

## टप्पा ४ : रस्ता एकच निवडा

एका सकाळी दोन दिशा करायला गेलात तर दोन्हीकडे भर उन्हात पोहोचाल. खाली तीन पर्याय आहेत. निवड झाडांच्या बातमीवरून करा, हॉटेलच्या बातमीवरून नाही.

रामटेक-मनसर-देवलापार. अंतर रामटेकपर्यंत ५० किलोमीटरच्या आसपास. खिंडसी तलावाची बाजू आणि पुढे पेंचच्या दिशेने जाणारा पट्टा. घरात वयस्कर माणसं असतील तर हाच बरा, रस्ता चांगला आणि थांबायच्या जागा आहेत. मात्र जबलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, विशेषतः जंगलातून जाणाऱ्या उन्नत पुलांवर, गाडी अजिबात थांबवू नका. मागून ट्रक सुसाट येत असतात. खालून वन्यप्राणी जावेत म्हणून ते पूल बांधले आहेत, वरून फोटो काढायला नाहीत.

उमरेड-कऱ्हांडला. हीही साधारण तितकीच वाट. शेतं आणि जंगल आलटून-पालटून लागतं, त्यामुळे धुऱ्यावरचे सुटे पळस मोकळ्या आभाळावर छान उठून दिसतात. एकटं, डेरेदार झाड बघायचं असेल तर मी इकडेच जाईन.

काटोल-कोंढाळी. टेकड्या आणि मुरमाड माळ. झाडं बुटकी, पण एका नजरेत पुष्कळ दिसतात. इथे सावली कमी आणि पाण्याची सोय तुरळक, म्हणून लवकर परतायचं.

सफारीबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. पळसासाठी म्हणून सफारी बुक करू नका. बुकिंग आधीच करावं लागतं आणि बहर तुमच्या बुकिंगला विचारून येत नाही. जिप्सीतून उतरता येत नाही, गाडी वाघाच्या बातमीमागे धावते, आणि चांगला पळस दिसला तरी चालक तिथे थांबेलच असं नाही. सफारी करायचीच असेल तर ती वाघासाठी करा, पळस वाटेवर बघा. मोबाइलवर फोटो काढायचा बेत असेल तर आत मोबाइल चालतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

## टप्पा ५ : निघण्याच्या आधीचे दोन दिवस

विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट नवी नाही. भरात आलेल्या झाडावर एक जोरदार गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी सगळा रंग जमिनीवर असतो. त्यामुळे गुरुवार-शुक्रवारी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज बघा. गडगडाटी पावसाचा इशारा रविवारचा असेल तर शनिवारीच निघा. पाऊस होऊन गेला असेल तर आधी फोन करून झाडांची खबर घ्या. गारा एका गावात पडतात आणि पाच किलोमीटरवर टिपूसही नसतो. त्याच भागातलं दुसरं गाव चालून जातं.

सामान थोडं: माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा कपडा, बूट (माळावर कुसळं आणि काटे असतात, चपला नकोत), आणि असेल तर दुर्बीण. पहाटे गारवा असतो, पण दहा वाजता ऊन चटका देऊ लागतं.

सावधान: १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्यांचा हंगाम मानला जातो. जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर असतो. विडी-सिगारेट, शेगडी, "रानातच चहा करू" यातलं काहीही नको. चहा थर्मासमध्ये न्या.

## टप्पा ६ : त्या सकाळचा क्रम

मार्चच्या सुरुवातीला नागपुरात साडेसहाच्या सुमारास उजाडतं. तेव्हा पहिल्या झाडापाशी असायचं. म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. नाश्ता परतीच्या वाटेवर. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. सात वाजता तर्री पोह्यांसाठी थांबलेली गाडी आठपर्यंत हलत नाही, आणि आठनंतर उजेडाची मजा झपाट्याने कमी होते.

साडेसहा ते साडेसात: दुरून बघा. उन्हं तिरपी असताना पूर्ण झाडं, माळ, क्षितिज. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर रंग खुलतो. समोर असेल तर पाकळ्या आतून उजळतात. दोन्ही बाजूंनी फिरून बघा.

साडेसात ते नऊ: एका झाडाखाली बसा. पळसाच्या फुलात मध असतो आणि गिऱ्हाईक भरपूर. शिंजीर, मैना, भांगपाडी मैना, कोतवाल, बुलबुल आणि नशीब असेल तर भोरड्यांचा थवा. पोपट फुलं कुरतडून खाली टाकतात, खारी तुऱ्यावर उलट्या लटकतात, वानरं तर मूठमूठ फुलं खातात. शिंजीर निघून गेल्यावर त्याच्या कपाळाला पिवळी पूड लागलेली दिसते का बघा, म्हणून दुर्बीण. यासाठी दहा झाडं हिंडायची नाहीत. एकच, भरलेलं झाड निवडून वीस-पंचवीस पावलांवर गुपचूप बसायचं. लहान मुलं असतील तर त्यांना पडलेली फुलं मोजायचं काम द्या.

नऊनंतर: जवळून. पडलेलं ताजं फूल हातात घ्या. पाकळ्यांच्या पाठीवर बारीक चंदेरी लव असते, ती सकाळच्या उन्हात चकाकते. दुपारच्या उन्हात हेच फूल फिकं आणि मळकट वाटतं. "काय एवढं त्यात" म्हणणारी मंडळी बहुधा बारा वाजता पोहोचलेली असतात.

सावधान: मार्चमध्ये मोहही गळू लागतो. मोहफुलांसाठी अस्वलं येतात आणि पहाटे वेचायला गावकरी येतात. जंगलालगत पहाटे झुडपात शिरू नका, मुलांना पुढे पळू देऊ नका, कुणी मोह वेचत असेल तर त्याच्या झाडाखालून गाडी नेऊ नका. पुढे जाणं बरं की नाही, हे तिथल्या माणसाला विचारा आणि तो नको म्हणाला तर वाद न घालता मागे फिरा. आणि धुऱ्यावरचं झाड कुणाच्या तरी शेतातलं असतं. गहू-हरभरा उभा असताना आत पाय टाकायच्या आधी विचारा.

## टप्पा ७ : फोटो आणि फुलं

मोबाइलमध्ये पळस बहुतेक वेळा नारिंगी डाग होऊन येतो, पाकळ्यांच्या कडाच दिसत नाहीत. लाल-केशरी रंग कॅमेऱ्याला झेपत नाही, म्हणून फुलावर बोट टेकवा आणि उजेड खाली ओढा, फोटो थोडा काळपट वाटेपर्यंत. मागे निळं आभाळ घ्या, वाळलेलं गवत नको.

होळीच्या रंगासाठी फुलं हवी असतील तर पडलेलीच वेचा, आणि तीही अभयारण्याच्या आत नाही. तिथून काहीही उचलून नेणं वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. फांद्या तोडू नका. ताजी पडलेली फुलं पाण्यात उकळली किंवा रात्रभर भिजत घातली की केशरी-पिवळा रंग उतरतो. तो गाळून वापरा. गाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली तर घरी येईपर्यंत घामेजून काळी पडतात, म्हणून कापडी पिशवी किंवा टोपली न्या.

घरी आल्यावर पाच झाडांची अवस्था आणि त्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी फोनाफोनी कधी सुरू करायची हे त्यावरून कळतं.

## तारीख हुकलीच तर

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर निघत असाल तर माळ सोडा आणि नाल्याकाठची झाडं बघा. उशिरा फुललेली काही तिथे सापडू शकतात. त्याच सुमारास जंगलात कुसुम नावाच्या झाडाला लालभडक पालवी येते, ती दुरून फुलांसारखीच दिसते, आणि फारच थोडे लोक तिच्यासाठी थांबतात. तीही गेली तर एप्रिलच्या उत्तरार्धात बहावा. त्यासाठी तर शहराबाहेर जायचीही गरज नाही, पण पहाटेच निघायचं, कारण त्या दिवसांत दुपारी पारा चाळिशीपार गेलेला असतो.